नॉर्मंडीची एक दिवसाची टूर: पाइपर बिल मिलिनसाठी गेलो होतो, पण ते भेटले डॉलिशला

साडेतीन स्टार, पाचपैकी. त्यातले तीन गाइडचे, उरलेला अर्धा गाडी वेळेवर आली त्याचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. फ्रान्समधल्या कां (Caen) शहराच्या आणि उविस्ट्रहाम बंदराच्या बाजूला अशा आठ सीटच्या मिनीबसवाल्या छोट्या कंपन्या भरपूर आहेत, सगळ्यांचा कार्यक्रम थोड्याफार फरकाने तोच असतो आणि तक्रारी पण बहुतेक त्याच असणार, त्यामुळे तिथे काय बघायचं, काय विचारायचं आणि कशासाठी हट्ट धरायचा एवढं सांगते, बुकिंग कुणाकडे करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आधी कोण गेलं होतं ते सांगते म्हणजे रिव्ह्यू कुठल्या चष्म्यातून आहे ते कळेल. मी इंग्लंडमध्ये, डेव्हनमधल्या एक्झिटरला मेंटल हेल्थ नर्स आहे, नवरा आयटीत, आणि सोबत सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. मूळचे सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर. उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते आणि किल्ले, तळी, बागा बघून बघून कंटाळले होते, "सगळं हिरवं हिरवंच आहे की इथं" असं म्हणायला लागले तेव्हा नवऱ्याने हे नॉर्मंडीचं, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातली लढाई झाली त्या जागा बघायचं काढलं. पोर्ट्समथहून फेरी थेट उविस्ट्रहामला लागते, दिवसाची फेरी साधारण सहा तास घेते, रात्रीची पण असते, आणि उतरलात की तुम्ही सोर्ड बीचच्या दारातच असता. भारतीय पासपोर्टवाल्यांनी शेंगेन व्हिसाचं आधी बघा, अपॉइंटमेंट मिळवणं हा एक वेगळाच डोक्याला ताप आहे, त्याबद्दल लिहायला बसले तर हाच रिव्ह्यू दुप्पट होईल.

आणि टूर ब्रिटिश सेक्टरचीच हवी असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा. नॉर्मंडीच्या बऱ्याच टूर अमेरिकन बाजूला म्हणजे ओमाहा बीचकडे नेतात, सिनेमात तेच बघितलेलं असतं ना लोकांनी. आम्हाला सोर्ड बीच आणि पेगासस ब्रिज हवा होता आणि तोही एका माणसासाठी, बिल मिलिन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ६ जून १९४४ ला, म्हणजे डी-डेच्या (दोस्त फौजा जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरल्या तो दिवस) सकाळी, सोर्ड बीचवर ब्रिटिश कमांडो उतरले तेव्हा त्यांच्यात एकवीस वर्षांचा एक पोरगा होता, कमरेला किल्ट म्हणजे स्कॉटिश लोकांचा घागऱ्यासारखा पोशाख, हातात बॅगपाइप, आणि हत्यार म्हणाल तर मोज्यात खोचलेला छोटा सुरा, बास. बंदूक नाही. आजूबाजूला माणसं पडतायत आणि हा वाजवतोय. जन्म १४ जुलै १९२२ चा, कॅनडातल्या रजायनाचा, पण तीन वर्षांचा असताना आईवडील परत ग्लासगोला आले, त्यामुळे वाढला तिथेच. टेरिटोरियल आर्मीत भरती झाला, स्कॉटिश पलटणींच्या पाइप बँडमध्ये वाजवलं, मग कमांडो ट्रेनिंगला स्वतःहून नाव दिलं आणि तिथे लॉर्ड लोव्हॅटची गाठ पडली. लोव्हॅट म्हणजे फ्रेझर घराण्याचा प्रमुख, स्कॉटिश सरदारच म्हणा, त्याला आपला स्वतःचा पाइपर हवा होता, जुन्या काळी त्याच्या वाडवडिलांकडे असायचा तसा.

आता गंमत अशी की लढाईत पुढच्या फळीत पाइपर न्यायला वॉर ऑफिसची बंदी होती. पहिल्या महायुद्धात पाइपर इतके मेले होते की सैन्याने ते बंदच करून टाकलं, साहजिकच आहे, सगळ्यात पुढे, ताठ उभा आणि वर आवाज करणारा माणूस, त्यालाच पहिली गोळी. मिलिनने हे लोव्हॅटला सांगितलं सुद्धा. त्यावर लोव्हॅटचं उत्तर असं की तो इंग्लिश वॉर ऑफिसचा नियम, तू आणि मी स्कॉटिश, आपल्याला तो लागू नाही. आबांना हे सांगितल्यावर ते पोट धरून हसले. म्हणे असे साहेब प्रत्येक पलटणीत एक तरी असतातच, फक्त त्यांच्या हाताखालच्याला विचारा कसं वाटतं ते.

तर टूर. पिकअप वेळेवर, गाडी स्वच्छ, एसी चालू. चढायला पायरी उंच आहे आणि हाताला धरायला काही नाही, आबांसारख्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना घेऊन जाणार असाल तर एक छोटं फोल्डिंग स्टूल मागून घ्या, मागितल्यावर दिलं, आपणहून नाही दिलं. पाण्याची बाटली फुकट. जेवण टूरमध्ये नाही, हे वेबसाइटवर कुठेतरी तळाला बारीक अक्षरात आहे, वर मोठ्या अक्षरात "पूर्ण दिवस" लिहिलंय. माणशी शंभर युरोच्या आसपास घेऊन एक सँडविच द्यायला काय जातं यांचं मला कळत नाही. आम्ही आपल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती म्हणून निभावलं, मागच्या सीटवरच्या डच बाईंनी पण आवडीने खाल्ल्या.

गाइड मात्र खरंच चांगला. ब्रिटिश, पन्नाशीचा, आणि पाठ केलेलं बडबडत नाही. पहिला अर्धा तास आकडे झाले, ते व्हायचेच, त्या एका दिवसात दीड लाखाहून जास्त सैनिक नॉर्मंडीत उतरले, एकट्या सोर्डवर जवळजवळ २९ हजार, वगैरे. नवरा मान डोलवत होता, मी खिडकीतून बाहेर बघत होते, आबांचा डोळा लागला होता. मग गाडी थांबली, आम्ही वाळूवर उतरलो आणि त्याने सगळ्यांना पाण्याकडे पाठ करून उभं केलं. म्हणाला, बघा, समोर घरं दिसतायत ना, ती खिडक्यांसकट तटबंदी होती असं समजा, आता तुमच्या कमरेपर्यंत पाणी आहे, पाठीवर ओझं आहे, आणि तुम्हाला तिथपर्यंत जायचंय. एवढंच. पुढे काही नाही बोलला थोडा वेळ. बीच एकदम साधा आहे हो, सपाट, लांबच्या लांब, पोरं बादल्या घेऊन किल्ले करतायत, कुणी कुत्रं फिरवतंय, आणि त्या साधेपणामुळेच ते अंतर डोळ्यात भरतं. लपायला काही म्हणजे काही नाही.

मिलिन तिथे पाण्यात उडी मारून उतरला तेव्हा पाणी थंडगार, किल्ट पाण्यावर तरंगायला लागला, शेजारच्या माणसाला गोळी लागून तो पडला, आणि याने पाइप तोंडाला लावून 'हायलँड लॅडी' सुरू केलं. किल्ट सुद्धा कुठला, तर वडिलांनी पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या लढाईत घातलेला तोच. वाळूवर आल्यावर लोव्हॅटने त्याला 'रोड टू दि आइल्स' वाजवायला सांगितलं आणि हा किनाऱ्यावरून वाजवत येरझाऱ्या घालायला लागला. काही जवानांनी ओरडून दाद दिली, काहींनी शिव्या घातल्या की अरे येड्या, अख्खी जर्मन फौज आपल्यावर बोलावतोस काय. मला विचाराल तर मी शिव्या घालणाऱ्यांच्या बाजूने असते.

इथेच टूरची पहिली खटकलेली गोष्ट. गाइडने खिशातून ब्लूटूथ स्पीकर काढला आणि बॅगपाइपचं रेकॉर्डिंग लावलं. वाऱ्यात त्याचा आवाज म्हणजे चिमटीत धरलेल्या डासासारखा. डच बाई हसल्या, आबा म्हणाले "बंद कर म्हणावं त्याला", नवऱ्याने जरा सभ्य भाषेत सांगितलं. त्याने लगेच बंद केलं, राग नाही मानला. कंपनीने शिकवलेलं असणार, त्याची चूक नाही. पण कंपनीवाल्यांनो, कुणी वाचत असाल तर, तो स्पीकर घरी ठेवा. गाइडला नुसतं बोलू द्या.

मग आबांनी प्रश्न विचारले, आणि खरं सांगते टूरचे पैसे तिथे वसूल झाले. पहिला प्रश्न, वाद्य भिजलं असेल, मग वाजलं कसं? गाइड खूश झाला, म्हणाला हे कुणी विचारत नाही. बॅगपाइपमध्ये एक पिशवी असते, तेव्हा कातड्याची असायची, तिच्यात तोंडाने हवा भरून काखेत दाबायची, खाली सूर वाजवायची नळी ज्यात बोरूची दुहेरी पत्ती असते, आपल्या सनईला असते साधारण तशीच, आणि खांद्यावर तीन नळ्या ज्या एकच सूर धरून ठेवतात. पत्ती पाण्यात भिजली की सूर गेला, म्हणून पाण्यातून येताना वाद्य वर धरलेलं. आणि पिशवीत हवा असते म्हणून वाजवणारा श्वास घ्यायला थांबला तरी आवाज थांबत नाही. आबा म्हणाले म्हणूनच पलटणीला हे वाद्य बरं पडतं, चालणाऱ्याचा पाय चुकत नाही. आपल्याकडे इन्फंट्रीत पाइप बँड असतातच, त्यांना ते नवीन नव्हतं, गाइडलाच नवीन होतं की सातारचा माणूस बॅगपाइपबद्दल एवढं बोलतोय.

दुसरा प्रश्न, वाजवून झाल्यावर त्याने काय केलं? जखमी उचलले का? कारण आपल्याकडे बँडचा जवान लढाईत स्ट्रेचर उचलतो, शांततेत परेडला वाजवायचं आणि युद्धात जखमी आणायचे, हे दोन्ही त्याचंच काम. गाइड म्हणाला मिलिनला लोव्हॅटने जवळ ठेवलं होतं, तो वाजवत पुढे गेला. किनाऱ्यावर जखमी पडलेले आणि हा वाजवत बाजूने चाललेला, त्यातले काही जण त्याच्याकडे मदतीच्या आशेने बघत होते. आबा नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्या त्या "हं" चा अर्थ मला सतरा वर्षं सून असून अजून नीट लागत नाही.

हे पण सांगून टाकते, आबांनी गाइडला उलट एक गोष्ट शिकवली. याच उन्हाळ्यात, १९४४ च्या, आपले मराठे इटलीत लढत होते. १० जुलैला अप्पर टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातले, सोबतचे सगळे पडल्यावर एकटे मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच गेले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. गाइडने मोबाइलमध्ये स्पेलिंग विचारून विचारून लिहून घेतलं.

आता मुख्य तक्रार. पुतळा. कोलेव्हिल-मोंटगोमेरीला किनाऱ्यालगत मिलिनचा ब्राँझचा पुतळा आहे, ८ जून २०१३ ला अनावरण झालं, तेव्हा वेगवेगळ्या देशांतून शेकडो पाइपर आले होते म्हणे वाजवायला. गाव पण मजेशीर आहे, युद्धाआधी कोलेव्हिल-स्युर-ऑर्न होतं, नंतर जनरल मोंटगोमेरीच्या नावाने बदललं. पुतळा छान आहे, उगाच अवाढव्य नाही, चौथऱ्यावर चढवून देव नाही केलेला, किल्ट घालून चालत निघालेला पोरगा आहे, खांद्यावर पाइपच्या नळ्या, गाल हवेने भरलेले. मी जवळ जाऊन बोटं बघत होते. बॅगपाइप वाजवताना बोटांची टोकं नाही, मधली पेरं भोकांवर सपाट पडतात, ते आबांनी दाखवलं. आणि हे सगळं बघायला आम्हाला मिळाली दहा मिनिटं! दहा! कारण पुढे टॉयलेट ब्रेक आणि गिफ्ट शॉपचा स्टॉप होता. गिफ्ट शॉपला पाऊण तास, मिलिनला दहा मिनिटं. बुक करतानाच ईमेलवर लिहून घ्या की इथे किमान अर्धा तास हवा, नाहीतर सरळ स्वतः गाडीने जा, पुतळा रस्त्यालगतच आहे, तिकीट वगैरे काही नाही.

तिथून पेगासस ब्रिज. किनाऱ्यापासून साधारण दहा किलोमीटर आत. कमांडोंना सकाळी उतरून हे अंतर लढत लढत कापायचं होतं कारण पुलावर आधीच मेजर जॉन हॉवर्डची माणसं अडकून बसलेली. ही माणसं मध्यरात्रीनंतर सव्वाबाराच्या सुमाराला लाकडी ग्लायडरमधून, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानातून, काळोखात पुलाच्या अगदी शेजारी उतरली होती आणि काही मिनिटांत पूल घेतला होता. सकाळपासून त्यांचे कान किनाऱ्याच्या दिशेला, आणि दुपारी आधी काय ऐकू आलं, तर बॅगपाइप. हे गाइडने सांगितलं तेव्हा आम्ही पुलावरच उभे होतो, खालून कालव्यातून एक शिडाची होडी जात होती. माझ्या अंगावर काटा आला, उगाच कशाला लपवू. किनाऱ्यावर मला जो मूर्खपणा वाटला होता, तो इथे पुलावरच्या माणसांच्या बाजूने बघितला की एकदम दुसराच वाटतो.

एका शेतघराजवळ लाल केसांच्या एका चिमुरडीने मिलिनला वाजव म्हणून मागितलं आणि त्याने तिच्यासाठी एक हळुवार चाल वाजवली, अशी पण एक गोष्ट आहे.

सध्याचा पूल १९९४ चा आहे, दिसायला जुन्यासारखाच. खरा जुना पूल शेजारी रानव्हिलच्या मेमोरियल पेगासस म्युझियमच्या आवारात हिरवळीवर ठेवलाय, त्यावरून चालता येतं, लोखंडाला गोळ्यांचे पोचे आहेत, बोट घालून बघा. आत मिलिनचे एक बॅगपाइप आहेत. म्युझियमला टूरमध्ये वेळ बरा दिला, तक्रार नाही.

पुलाच्या तोंडालाच कॅफे गोंद्रे. फ्रान्समधलं मुक्त झालेलं पहिलं घर म्हणून प्रसिद्ध आहे. तेव्हा जॉर्ज आणि तेरेझ गोंद्रे हे नवराबायको चालवायचे, जर्मन आले तेव्हा जॉर्जने शँपेनच्या बाटल्या बागेत पुरून ठेवल्या होत्या, त्या दिवशी सगळ्या उकरून काढल्या आणि सैनिकांना पाजल्या. तेरेझने प्रत्येक सैनिकाचे मुके घेऊन घेऊन त्यांनी तोंडाला फासलेला काळा रंग स्वतःच्या तोंडाला लावून घेतला आणि म्हणे किती दिवस धुतलाच नाही. त्यांची मुलगी आर्लेट तेव्हा अगदी लहान होती, पुढे तिनेच कॅफे सांभाळला. आत भिंती सैनिकांच्या फोटोंनी, बिल्ल्यांनी भरून गेल्यात. आम्ही कॉफी आणि ऑम्लेट घेतलं, ऑम्लेट मऊ, गरम, आबांनी हिरवी मिरची नाही म्हणून नाक मुरडलं पण संपवलं. दहा मिनिटांत उठायला लावलं नाही कुणी, हे विशेष. टूर घ्या किंवा घेऊ नका, इथे बसाच.

परत येताना गाडीत मी गाइडला विचारलं, मग पुढे मिलिनचं काय झालं? तो म्हणाला युद्ध संपल्यावर स्कॉटलंडला परत गेला, १९६२ च्या त्या मोठ्या सिनेमात त्याचं पात्र होतं, २०१० मध्ये वारला. झालं. पासष्ट वर्षं एका वाक्यात! इथे माझं आणि टूरचं फिसकटलं.

कारण पुढचं मला माहीत होतं, आणि मला माहीत होतं कारण मी त्याच कामात आहे आणि त्याच भागात राहते. युद्धानंतर लोव्हॅटने त्यांना आपल्या इस्टेटीवर काम दिलं, ते त्यांना फारच शांत वाटलं, मग एका नाटक कंपनीबरोबर पाइप वाजवत गावोगाव फिरले. आणि मग १९५० च्या दशकात त्यांनी नर्सिंगचं ट्रेनिंग घेतलं. मानसिक रुग्णांचं नर्सिंग. आधी ग्लासगोला, मग १९६३ ला डेव्हनला आले आणि १९८८ ला रिटायर होईपर्यंत हेच केलं. तिथल्या डॉलिश या समुद्रकाठच्या गावात राहिले, शेवटपर्यंत. युद्धातला पाइपर म्हणाल तर एक वर्ष, नर्स तीसएक वर्षं. ब्राँझमध्ये कुठलं वर्ष आलं ते बघा.

आणि त्यात एक गोष्ट आहे जी माझ्या डोक्यातून जात नाही. पकडलेल्या जर्मन सैनिकांशी मिलिनचं नंतर बोलणं झालं, त्यांनी सांगितलं की तू नेमाच्या टप्प्यात होतास, पण आम्ही तुला मारलं नाही कारण आम्हाला वाटलं तुझं डोकं फिरलंय. वेडा समजून सोडला. आणि या माणसाने पुढे नोकरी कुठली धरली, तर ज्यांना जग वेडं म्हणून सोडून देतं त्यांच्या खाटेशेजारची. त्यांनी ते जोडून बघितलं होतं की नाही मला माहीत नाही, बहुतेक नसेल, पोटापाण्यासाठी माणूस नोकरी करतो. पण १९६० चा काळ डोळ्यासमोर आणा, मोठाले वॉर्ड, कुलपं, नवीनच आलेली औषधं, आणि त्यात रात्रपाळीला हा माणूस. वॉर्डात रात्री कुणी ओरडायला लागलं तर घाबरायचं नाही, आवाज चढवायचा नाही, सावकाश चालत त्याच्यापर्यंत जायचं, हे आम्हाला शिकवायला ट्रेनिंगमध्ये कितीतरी आठवडे घालवतात. मिलिन हे एकविसाव्या वर्षी शिकून आले होते असं मला आपलं वाटतं. गाइडला मी हे सगळं सांगितलं, त्याने ऐकून घेतलं, म्हणाला पुढच्या ग्रुपला सांगेन. म्हणून तीन स्टार त्याचे.

तर ज्यांना माणूस बघायचाय त्यांनी फ्रान्सला जायच्या आधी किंवा नंतर डॉलिशला जा. डॉलिश म्युझियम छोटं आहे, बार्टन टेरेसवर, स्वयंसेवक चालवतात, बहुतेक निवृत्त मंडळी. उन्हाळी महिन्यांतच उघडं असतं, आधी वेळ बघून जा. डी-डेच्या साठाव्या वर्धापनदिनाआधी मिलिननी स्वतःच आपले पाइप, किल्ट, टोपी आणि तो सुरा या म्युझियमला देऊन टाकले. मोठ्या म्युझियमला नाही, लंडनला नाही, घराजवळच्या या म्युझियमला जिथे बाजूच्या खोलीत जुनी इस्त्री आणि शिवणयंत्रं ठेवलीत. काचेजवळ गेलात की किल्टच्या घड्या दिसतात, जाड लोकर आहे, ओली झाल्यावर काय वजन होत असेल विचार करा. आबा तिथे बराच वेळ होते. काउंटरवरच्या आजोबांनी त्यांना विचारलं तुम्ही पण सैन्यात का, आणि मग दोघांचं जे सुरू झालं, आबांचं इंग्लिश अर्धं मराठी, आजोबांचं डेव्हनचं हेल काढून, मला अर्ध्याहून जास्त कळत नव्हतं, त्यांना सगळं कळत होतं.

डॉलिशच्या लोकांना मिलिन हीरो म्हणून नाही तर गावातला माणूस म्हणून माहीत होते, कार्यक्रमांना पाइप वाजवणारे, रस्त्यात भेटणारे. फ्रान्सला दर थोड्या वर्षांनी जायचे, स्मृतिदिनाला वाजवायचे. १९९५ ला लोव्हॅट वारले तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला पाइप मिलिननीच वाजवला. २००३ ला पक्षाघाताचा झटका आला, आणि १७ ऑगस्ट २०१० ला ८८ व्या वर्षी गेले.

एवढं असून गावात त्यांच्या नावाचा गाजावाजा फार नाही, टुरिस्ट येतात ते काळे हंस बघायला आणि आइस्क्रीम खायला. मला ते आवडलं, नवऱ्याला नाही, त्याचं म्हणणं की बोर्ड तरी मोठा लावा. त्यावर आमचं अजून एकमत नाही.

बाकी व्यवहाराचं. नॉर्मंडीची टूर जूनच्या पहिल्या आठवड्यात घेऊ नका, ६ जूनच्या आसपास रस्ते बंद, हॉटेल दुप्पट आणि गर्दी म्हणजे आषाढीला पंढरपूर. सप्टेंबर चांगला. टूरवाल्यांना तीन गोष्टी लिहून मागा: पुतळ्याला अर्धा तास, गिफ्ट शॉप रद्द, स्पीकर नको. वयस्कर माणूस बरोबर असेल तर बीचवर वाळूत चालणं आहे हे धरून बूट घाला, जॅकेट जूनमध्ये पण घ्या, वारा सुरीसारखा असतो. लहान मुलांना ग्लायडर आणि पूल आवडेल, बाकी कंटाळतील.

डॉलिशला ट्रेननेच जा. एक्झिटरहून वीसेक मिनिटं, ब्रुनेल या जुन्या काळच्या नामांकित इंजिनिअरने बांधलेली लाइन आहे, समुद्राच्या भिंतीला चिकटून जाते, २०१४ च्या फेब्रुवारीत वादळाने रूळ हवेत लोंबकळत ठेवले होते तीच. जाताना डाव्या बाजूची खिडकी धरा, आणि भरतीच्या वेळी जात असाल तर ती बंद ठेवा.